वंशावळीत न सापडणारी तारीख

मार्च २०१२ मध्ये बर्मिंगहॅमला भरलेल्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात एक नवा नियम पहिल्यांदा अमलात आला. ब्रिटनच्या केनेल क्लबने, म्हणजे शुद्ध जातीच्या कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, आरोग्याच्या दृष्टीने चिंताजनक मानलेल्या पंधरा जातींपैकी प्रत्येकीत जो कुत्रा सर्वोत्कृष्ट ठरेल, त्याची त्रयस्थ पशुवैद्यकाकडून तपासणी करायची आणि त्यात तो उतरला तरच किताब कायम करायचा, असे ठरले होते. ही तपासणी तशी साधीच होती. डोळे, कातडी, श्वास आणि चाल यांत उघड दिसणारा काही त्रास आहे का, एवढेच पाहायचे होते. रक्त काढायचे नव्हते की क्ष-किरण चित्र घ्यायचे नव्हते. तरीही पंधरांपैकी सहा विजेते बाद झाले. पेकिनीज, बुलडॉग, मॅस्टिफ, निऑपोलिटन मॅस्टिफ, बॅसेट हाउंड आणि क्लंबर स्पॅनियल या जातींचे जे कुत्रे पंचांनी नुकतेच आपापल्या जातीचा उत्तम नमुना म्हणून निवडले होते, ते पशुवैद्यकाच्या साध्या नजरेलाही निरोगी वाटले नाहीत.

त्यानंतर पैदासकारांचा संताप उसळला तो पशुवैद्यकांवर आणि तपासणी लादणाऱ्या क्लबवर. या तपासण्यांना विरोध करण्यासाठी लवकरच एक स्वतंत्र संघटनाही उभी राहिली. तपासणीची पद्धत न्याय्य होती का, पशुवैद्यकांना त्या जातीची पुरेशी माहिती होती का, बाद झालेल्या मालकांचा अपमान झाला का, यावर भरपूर चर्चा झाली. त्या कुत्र्यांना खरोखर त्रास होत होता का, हा प्रश्न मात्र मागे पडला.

पैदासकार निष्ठुर असतात म्हणून असे घडते, असे मला वाटत नाही. व्यालेल्या मादीजवळ रात्र-रात्र बसून अशक्त पिल्लांना दर दोन तासांनी दूध पाजणारी माणसे निष्ठुर म्हणता येणार नाहीत. माझे म्हणणे वेगळे आहे. शुद्ध जातीच्या कुत्र्यांची सगळी व्यवस्था जन्माच्या कागदावर उभी आहे. वंशावळीच्या प्रमाणपत्रावर आई-बाप, आजी-आजोबा, पणजोबा यांची नावे असतात, नावांपुढे चॅम्पियन हा किताब असतो, रंग, लिंग आणि जन्मतारीख असते. त्यांतला कोण कितव्या वर्षी आणि कशाने मेला हे त्या कागदावर नसते, कारण मृत्यू कळवण्याचे बंधनच कोणावर नसते. म्हणून प्रत्येक अकाली मृत्यू त्या एका घरापुरता राहतो, आणि पैदासकाराला तो मनापासून अपघात वाटू शकतो.

डोबरमन ही जात घेतली तर हे नीट कळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील आपोल्डा या गावी करवसुली करणाऱ्या कार्ल फ्रीडरिश लुइस डोबरमान याने सोबतीला आणि संरक्षणाला म्हणून ही जात घडवली. आज पुण्या-मुंबईतच काय, तालुक्याच्या गावीही बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी असली की तिच्यामागे बहुधा डोबरमन किंवा जर्मन शेफर्ड असतो. या देखण्या, चपळ कुत्र्याला डायलेटेड कार्डिओमायोपथी हा हृदयविकार मोठ्या प्रमाणावर जडतो. हृदयाचा स्नायू हळूहळू दुबळा पडतो, कप्पे ताणून मोठे होतात, ठोके अनियमित होतात; पण हे सगळे आतल्या आत चालते आणि वरून कुत्रा धडधाकट दिसतो. म्युनिकच्या संशोधकांनी चारशेहून अधिक डोबरमन तपासून २०१० मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार आयुष्यभरात या विकाराचे एकत्रित प्रमाण ५८ टक्क्यांपर्यंत जाते. आजारी पडलेल्यांपैकी अनेकांच्या बाबतीत पहिले लक्षण दिसते तेच मृत्यूच्या रूपाने: सकाळी पळणारा कुत्रा दुपारी अंगणात कोसळतो आणि उठत नाही.

यातले खरे दुर्दैव वेळेचे आहे. विकार बहुतेकदा चौथ्या-पाचव्या वर्षानंतर उघड होतो. नर कुत्रा मात्र दोन-तीन वर्षांचा असतानाच किताब मिळवतो, किताब मिळताच त्याला मागणी येते, आणि पाचव्या वर्षी तो मेला तरी तोवर त्याची डझनावारी वेते झालेली असतात आणि त्या वेतांतली पिल्लेही वयात येऊन आई-बाप झालेली असतात. मृत्यूची बातमी येते तेव्हा रक्त पुढे गेलेले असते. अमेरिकेत या विकाराशी संबंधित काही जनुकीय बदल सापडले, त्यांच्या चाचण्याही बाजारात आल्या. पण त्यांवरून कोणता कुत्रा आजारी पडेल हे खात्रीने सांगता येत नाही. दरवर्षी चोवीस तास हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेणारी होल्टर तपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी करीत राहणे एवढाच विश्वासाचा मार्ग आहे, आणि तोही निर्वाळा त्या दिवसापुरताच देतो. अमेरिकेतील डोबरमन क्लब दहा वर्षे पूर्ण करणाऱ्या कुत्र्याला दीर्घायुष्याचे प्रमाणपत्र देतो. उपक्रम चांगला आहे, पण एवढ्या आकाराच्या कुत्र्याने दहा वर्षे जगणे गौरवाचे ठरावे, यातच जातीची स्थिती कळते.

असा मृत्यू झाला की पैदासकाराकडून येणाऱ्या प्रतिक्रिया देश बदलला तरी फारशा बदलत नाहीत. पहिल्यांदा दुःख असते, आणि ते खरे असते. मग कारणे येतात: ऊन लागले असेल, आहार चुकला असेल, लस सोसली नसेल, भूल देताना काही बिघडले असेल, मालकाने फार पळवले असेल. यांतले एखादे कारण एखाद्या वेळी खरे असूही शकते, आणि शवविच्छेदन क्वचितच होत असल्यामुळे ते खोडून काढणारे कोणी नसते. शेवटी ठरलेले वाक्य येते, ‘आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही.’ हे वाक्य बोलणारा दर वेळी खोटे बोलत असतो असे नाही. आपण विकलेल्या पिल्लांचे पुढे काय झाले हे बहुतेक पैदासकारांना ठाऊकच नसते. ठाऊक करून घेण्याची गरज व्यवस्थेने ठेवलेली नाही, आणि कळलेच तर ते जाहीर करण्याची किंमत मात्र जबर ठेवली आहे.

ती किंमत किती असते, हे ब्रिटनमध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीच्या निमित्ताने दिसले. या लहानखुऱ्या, प्रेमळ कुत्र्याला दोन मोठी दुखणी आहेत. एक हृदयाच्या झडपेचे, जे वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत जवळपास सगळ्यांनाच गाठते. दुसरे सिरिंगोमायलिया: मेंदूच्या मानाने कवटी अपुरी पडते, मज्जारज्जूत द्रवाने भरलेल्या पोकळ्या तयार होतात आणि कुत्रा वेदनेने मानेजवळ हवेतच खाजवत राहतो. ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीने शुद्ध जातीच्या कुत्र्यांवर प्रसारित केलेल्या माहितीपटात जातीच्या क्लबच्या कार्यकारिणीतील एका सदस्येने सांगितले की, प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट ठरलेल्या एका कुत्र्याला हा विकार असल्याचे निदान आधीच झाले होते आणि तरीही त्याच्यापासून पैदास चालू होती. पुढे क्लबने कार्यकारिणीतून दूर केले ते हे सांगणाऱ्या बाईंना. माहितीपटानंतर बीबीसीने क्रफ्ट्सचे प्रक्षेपण थांबवले, केनेल क्लबने बाप-लेक, आई-मुलगा आणि सख्खी भावंडे यांच्या संबंधातून झालेल्या पिल्लांची नोंदणी बंद केली, प्राणिशास्त्रज्ञ सर पॅट्रिक बेटसन यांचा कुत्र्यांच्या पैदाशीवरील चौकशी अहवाल जानेवारी २०१० मध्ये आला. सुधारणा झाल्या, हे मान्य केले पाहिजे. पण २००९ पर्यंत सख्ख्या भावंडांच्या पिल्लांना विनासायास प्रमाणपत्र मिळत होते, हेही विसरता येत नाही.

आता पैदासकारांच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद पाहू, कारण तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते म्हणतात, शुद्ध जातीचे कुत्रे लवकर मरतात हा समजच चुकीचा आहे. आणि आकडे वरकरणी त्यांच्या बाजूने आहेत. ब्रिटनमधील ५,८४,७३४ कुत्र्यांच्या नोंदींवर आधारलेला जो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात शुद्ध जातीच्या कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान (निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत मरतात ते वय) १२.७ वर्षे आणि संकरितांचे १२ वर्षे आढळले. ‘गावठी तेवढे निरोगी’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मात्र त्याच अभ्यासात चपट्या नाकाच्या मध्यम आकाराच्या नरांचे मध्यक आयुर्मान ९.१ वर्षे, तर लांब नाकाच्या लहान आकाराच्या माद्यांचे १३.३ वर्षे आहे. सगळ्या जातींची सरासरी काढली की लँकेशायर हीलरसारख्या पंधरा वर्षे जगणाऱ्या जातीच्या आडोशाला बुलडॉग लपतो. शिवाय ‘संकरित’ या सदरात मुद्दाम दोन फॅशनेबल जातींची सांगड घालून विकलेली पिल्लेही येतात.

विरोधकही आकडे सोयीने वापरतात. २०२२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात फ्रेंच बुलडॉगचे जन्मवेळचे अपेक्षित आयुष्य अवघे साडेचार वर्षे निघाले आणि तो आकडा जगभर फिरला. त्या जातीची लोकप्रियता अचानक वाढल्याने नोंदीत तरुण कुत्र्यांचाच भरणा होता, त्यामुळे तरुण मृत्यूंचे वजन वाढले असणार. वर सांगितलेल्या २०२४ च्या अभ्यासात त्याच जातीचे मध्यक ९.८ वर्षे आहे. साडेचार आणि पावणेदहा यांत केवढे अंतर आहे! ब्रिटनसारख्या देशात, जिथे केनेल क्लब १८७३ पासून वंशावळी जपतो आहे, तिथे एखादी जात किती वर्षे जगते हे ठरवण्यासाठी दवाखान्यांच्या आणि विमा कंपन्यांच्या नोंदी चाळाव्या लागतात. क्लबने स्वतः २००४ मध्ये जातीच्या क्लबांमार्फत मोठी प्रश्नावली पाठवली होती. तिला जेमतेम चौथा हिस्सा उत्तरे आली. दीडशे वर्षे चाललेल्या नोंदवहीत मृत्यूचा एक रकाना असता, तर या आकड्यांवर वाद घालायची वेळच आली नसती.

ही नोंदवही बंदिस्त असते, हा या प्रश्नाचा दुसरा भाग आहे. नोंदणीकृत आई-बापांच्याच पिल्लांना नोंद मिळते, बाहेरचे रक्त येत नाही, आणि आत असलेल्यांतूनही मोजक्या विजेत्या नरांनाच मागणी असते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की ब्रिटनमधील सुमारे दहा हजार पगांची जनुकीय विविधता जेमतेम पन्नास प्राण्यांइतकी होती. २०२१ मध्ये २२७ जातींच्या जनुकीय नमुन्यांवर झालेल्या अभ्यासात अंतःप्रजननाची सरासरी सुमारे २५ टक्के निघाली. सख्ख्या भाऊ-बहिणीच्या संबंधातून होणाऱ्या पिल्लात जेवढी अपेक्षित असते तेवढी. म्हणजे कागदावर दोन जनावरांचे नाते दूरचे दिसले तरी रक्ताने ती भावंडे असू शकतात.

दार उघडायचा प्रयत्न केला तर काय होते, याचे उत्तर डाल्मेशियनच्या कथेत आहे, आणि पैदासकारांच्या मनोवृत्तीवर याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. या जातीतल्या सगळ्याच कुत्र्यांत युरिक आम्लाच्या चयापचयाचा एक दोष कायमचा रुजला होता. त्यामुळे विशेषतः नरांना मूत्रखडे होतात, लघवी अडते आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर जीव जातो. सगळ्यांतच दोष असल्यामुळे जातीच्या आत कितीही निवड केली तरी उपाय नव्हता. रॉबर्ट शायब्ल या अमेरिकी आनुवंशिकी तज्ज्ञाने १९७३ मध्ये डाल्मेशियनचा एकदाच इंग्लिश पॉइंटरशी संकर केला आणि मग निर्दोष पिल्ले निवडून त्यांचा दर पिढीत डाल्मेशियनशीच संबंध करवत नेला. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यांतल्या दोन कुत्र्यांची नोंद केली. जातीच्या क्लबच्या सभासदांनी विरोध केला, आणि नोंदणी थांबली. कारणे काय, तर ठिपके हवे तसे ठसठशीत येत नाहीत आणि रक्त शुद्ध राहिले नाही. २००८ मध्ये दोषाचे नेमके जनुक सापडले, २०११ मध्ये अमेरिकेत अखेर दार उघडले. एका वर्षाआधी ब्रिटनने अशा एका मादीची नोंद केली होती. तिच्यात पॉइंटरचे रक्त एक दशांश टक्काही उरले नसेल, तरी ती क्रफ्ट्सला आली तेव्हा नाके मुरडली गेलीच. उपाय हातात असताना तीस वर्षे कुत्र्यांचे मूत्राशय चिरत राहणे या लोकांनी पत्करले, आणि ते डाल्मेशियनवर प्रेम करणारे लोक होते, हे विसरू नये.

कायद्याने हे सुटेल का? नॉर्वेत तसा प्रयत्न झाला. तेथील प्राणिरक्षण संस्थेने कॅव्हेलियर आणि इंग्लिश बुलडॉग यांच्या पैदासीविरुद्ध दावा लावला. २०२२ च्या जानेवारीत ऑस्लोच्या न्यायालयाने दोन्ही जातींबाबत पैदास बेकायदा ठरवली, अपील न्यायालयाने बुलडॉगच्या पैदासकारांना मोकळे केले, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियरपुरता निर्णय कायम केला. पैदासकारांची तक्रार अशी की जबाबदार लोकांचे हात बांधले की ग्राहक पूर्व युरोपातून चोरून आणलेली, तपासणीचा कागदही नसलेली पिल्ले घेतील. ही भीती पोकळ नाही. मागणी राहिली तर पुरवठा कुठून तरी होतोच. पण या युक्तिवादाचा दुसरा अर्थ असा होतो की बाहेरचा धंदा वाईट आहे, म्हणून आतल्या धंद्याला कोणी काही विचारू नये. आणि बाहेरच्या धंद्याला मागणी कोण निर्माण करते, तर प्रदर्शनाच्या रिंगणात उभे राहणारे तेच चपटे, सुरकुतलेले, गोंडस थोबाड.

आपल्याकडे हे थोबाड २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून घरोघर पोहोचले आणि पग ही जात बघता बघता शहरी सोसायट्यांची झाली. कुत्र्याला पंजांचे तळवे सोडले तर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच तो अंग थंड करतो. ज्याची श्वासाची वाटच अरुंद आणि टाळूचा पडदा लांबट, त्याला नागपूरच्या किंवा जळगावच्या मे महिन्यात काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. घेणारा मात्र एकच प्रश्न विचारतो, ‘केसीआयचे पेपर आहेत का?’ केसीआय, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, १८९६ पासूनचा आहे, त्याच्या नोंदणीला अर्थ आहे, पण तो कागद वंशाची हमी देतो, आयुष्याची नाही. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी पैदासकाराला राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकायला बंदी केली आणि अठरा महिन्यांपेक्षा लहान मादीपासून पैदास करू नये असे म्हटले. मादीच्या शरीराच्या दृष्टीने हे योग्यच आहे. डोबरमनच्या हृदयाच्या दृष्टीने अठरा महिने म्हणजे काहीच नाही.

आणि एक चिंता खास आपली आहे. लातूर, सोलापूर, धाराशिवच्या माळरानांवर शिकारीसाठी पाळला गेलेला कारवानी, त्याचा केसाळ भाऊ पश्मी आणि सीमेपलीकडचा मुधोळ यांना आता प्रदर्शनांत मान मिळू लागला आहे. मान मिळावाच. पण आजवर या कुत्र्यांची परीक्षा सशामागे धावताना आणि उन्हात तग धरताना झाली आहे. वयाच्या तिसऱ्या वर्षी धाप लागणाऱ्या कुत्र्यापासून कोणी वेत घेत नसे. रिंगणात शिरल्यावर छाती किती खोल, पोट किती आत, कान कसे, यांवर गुण मिळतील, एखादा देखणा नर सगळ्यांना हवा होईल, आणि तांड्या-वाड्यांवरचे कागद नसलेले हजारो कुत्रे ‘अशुद्ध’ ठरतील. आपण अजून सुरुवातीला आहोत. नोंदवहीचे दार उघडे ठेवून, नोंद नसलेला पण कसाला उतरलेला कुत्रा तपासून आत घेण्याची सोय आताच केली, तर डाल्मेशियनचा मार्ग चालावा लागणार नाही.

दूध व्यवसायातल्या शेतकऱ्याला यातले निम्मे आधीच ठाऊक आहे. वळू कितीही देखणा असला तरी त्याच्या मुलींचे दूध मोजल्याशिवाय त्याला सिद्ध वळू म्हणत नाहीत. तोवर त्याचे रेत गोठवून ठेवता येते. कुत्र्यांचे वीर्यही द्रवरूप नायट्रोजनमध्ये अनेक वर्षे टिकते, आणि आज हे तंत्र तरुण विजेत्याचे रक्त खंडाखंडांत पोहोचवण्यासाठी वापरले जाते. तेच तंत्र उलट्या कामी लावावे: नर तरुण असताना वीर्य साठवावे, आणि तो, निदान त्याचे आई-बाप, आठ-नऊ वर्षे निरोगी जगल्याचे दिसल्यावर ते वापरावे. चॅम्पियन हा किताब तोवर तात्पुरता मानावा. यात नराच्या मालकाचे ऐन भराच्या काळातले उत्पन्न बुडेल, हे उघड आहे, आणि विरोध तिथूनच येईल.

म्हणून आधी सोपी गोष्ट व्हावी. केनेल क्लबच्या नोंदणीत मायक्रोचिपचा क्रमांक असतोच; त्या क्रमांकापुढे मृत्यूची तारीख आणि पशुवैद्यकाने लिहिलेले कारण एवढे दोन रकाने वाढवावेत आणि पिल्लू घेऊ इच्छिणाऱ्या कोणालाही त्याच्या पूर्वजांचे हे रकाने पाहता यावेत. नोंद करण्याचा अधिकार पैदासकाराकडे ठेवू नये, कुत्रा ज्याच्या घरी मेला त्या मालकाकडे असावा. त्याचे दुःख पैदासकाराइतकेच खरे असते, पण पुढच्या वेतात त्याचे पैसे गुंतलेले नसतात.